जुन्या जीपमध्ये डिझेल इंजिन : मेळ, हिशेब आणि कागद

जुन्या बनावटीची पेट्रोल जीप आणि तिच्या पोटात बसवलेले छोटे डिझेल इंजिन, ही जोडी आपल्या व्यापारी आणि कारागीर बंधूंना नवी नाही. कापडाच्या गाठी आठवडी बाजाराला नेणारे, वीटभट्टीवाले, लाकूडवाले, मंडपवाले अशा अनेकांनी एके काळी ही जोडी जमवून आपला धंदा चालवला. गॅरेजमधल्या मिस्त्री मंडळींनी या कामावर नाव कमावले. आजही एखादी जुनी जीप विकायला निघाली की दोनच प्रश्न विचारले जातात. 'हिच्यात डिझेल बसेल का?' किंवा 'डिझेल बसवलेली आहे, घ्यावी का?'

या प्रश्नांचे उत्तर बहुतेक वेळा इंजिनाच्या किमतीवरून दिले जाते. अमुक हजारात इंजिन मिळते, अमुक दिवसांत मिस्त्री बसवून देतो, झाले काम! प्रत्यक्षात इंजिनाची किंमत हा त्या कामाचा लहानसा हिस्सा असतो. इंजिनाचा बाकीच्या गाडीशी मेळ बसतो का, घातलेला पैसा किती किलोमीटरनंतर परत येतो आणि आर.सी. बुकात काय लिहिले आहे, या तीन गोष्टींवर सौदा तरतो किंवा बुडतो. त्यातली तिसरी गोष्ट तर २००० सालच्या कायदा दुरुस्तीने पार बदलली आणि पुष्कळांना त्याची खबर नाही. म्हणून हा विषय क्रमाने मांडतो.

जीप डिझेलकडे का वळली

जीप ही दुसऱ्या महायुद्धातली लष्करी गाडी. अमेरिकेच्या विलीज कंपनीने युद्धानंतर ती शेतकऱ्यांसाठी आणि व्यापाऱ्यांसाठी काढली. आपल्याकडे ती आणली मुंबईच्या एका कंपनीने. १९४५ साली जे. सी. महिंद्र, के. सी. महिंद्र आणि मलिक गुलाम मोहम्मद यांनी पोलादाच्या व्यापारासाठी 'महिंद्र अँड मोहम्मद' ही कंपनी काढली. फाळणीनंतर गुलाम मोहम्मद पाकिस्तानचे पहिले अर्थमंत्री झाले आणि १९४८ मध्ये कंपनीचे नाव 'महिंद्र अँड महिंद्र' झाले. याच कंपनीने विलीजची जीप आधी सुटे भाग जोडून आणि पुढे स्वतः बनवून देशभर पोचवली.

त्यातली उंच बॉनेटची सी.जे. ३बी ही जीप आपल्याकडे सर्वांत जास्त दिसली. तिच्यात 'हरिकेन' नावाचे २१९९ सी.सी.चे चार सिलिंडरचे पेट्रोल इंजिन होते. मिनिटाला ४,००० फेऱ्यांवर सत्तरच्या वर अश्वशक्ती देणारे हे इंजिन मजबूत होते, पण पेट्रोल पिण्यातही तेवढेच दांडगे होते. १९७३ साली अरब देशांनी तेलाचा पुरवठा आवळला, जगभर तेलाचे भाव कडाडले, तेव्हा पेट्रोल जीप पोसणे सामान्य माणसाच्या आवाक्याबाहेर जाऊ लागले.

कंपनीलाही हे कळत होते. ट्रॅक्टरच्या इंजिनापासून तयार केलेले २३५० सी.सी.चे डिझेल इंजिन जीपमध्ये आले. १९७९ साली कंपनीने फ्रान्सच्या प्यूजो कंपनीकडून एक्स.डी.पी. ४.९० या इंजिनाचा परवाना घेतला. त्या नावातला ४ म्हणजे चार सिलिंडर आणि ९० म्हणजे सिलिंडरची रुंदी, ९० मिलिमीटर. एकूण २११२ सी.सी.चे हे इंजिन पुढे इगतपुरीच्या कारखान्यातून निघू लागले. नव्या जीप अशा रीतीने डिझेलवर आल्या. पण ज्यांच्याकडे जुनी पेट्रोल जीप होती त्यांनी काय करायचे? त्यांच्यासाठी गॅरेजवाले पुढे आले. कोणी कंपनीचेच डिझेल इंजिन बसवले, कोणी मेटॅडोरचे, तर कोणी ॲम्बॅसिडर गाडीचे १४८९ सी.सी.चे छोटे इंजिन.

यात फायदा होता, कारण सरकार डिझेलचा भाव मुद्दाम खाली ठेवत होते. दिल्लीत मे २०१२ च्या अखेरीस पेट्रोल लिटरला ७३ रुपयांवर गेले तेव्हा डिझेल ४१ रुपयांच्या आत होते. म्हणजे लिटरमागे ३२ रुपयांची तफावत! ऑक्टोबर २०१४ मध्ये केंद्र सरकारने डिझेलचा भाव बाजारावर सोडला आणि ही तफावत आटत गेली. २०२४ च्या अखेरीस दिल्लीत ती अवघी सात रुपयांच्या आसपास उरली होती. हा मुद्दा ध्यानात ठेवावा, हिशेबाच्या वेळी तो पुन्हा येईल.

मेळ कसा पाहावा

मालेगाव-भिवंडीच्या यंत्रमागवाल्यांना ही गोष्ट चटकन समजेल. मागाची मोटर मिनिटाला हजाराच्या आसपास फेरे घेते आणि माग मिनिटाला सव्वाशे-दीडशे पिकांवर चालतो. दोहोंच्या मध्ये पुली असते. मोटर बदलली आणि नवीची गती वेगळी निघाली, तर पुली बदलावी लागते. पुली तीच ठेवून नुसती मोटर बदलणारा एक तर सूत तोडत बसेल, नाही तर माग रेंगाळेल.

जीपमध्ये ही पुली म्हणजे गिअरबॉक्स आणि ॲक्सलमधले क्राऊन-पिनियन. जुन्या सी.जे. ३बी मध्ये पिनियनला ८ दाते आणि क्राऊनला ४३ दाते असत. ४३ ला ८ ने भागले की ५.३८ येते. याचा अर्थ टॉप गिअरमध्ये इंजिन ५.३८ वेळा फिरते तेव्हा चाक एकदा फिरते. ६.००-१६ मापाच्या टायरचा घेर सुमारे २.२ मीटर. आता गणित करून पाहा. ताशी ६० किलोमीटर म्हणजे मिनिटाला १,००० मीटर. त्यासाठी चाकाला ४५५ च्या आसपास फेरे आणि इंजिनाला जवळजवळ २,४५० फेरे घ्यावे लागतात. पेट्रोल इंजिन ४,००० पर्यंत जाते, म्हणून त्याला हे जमून जाते.

आता त्या जागी जाड, संथ चालीचे डिझेल इंजिन बसवले आणि त्याची कमाल मर्यादा ३,००० फेऱ्यांची असली, तर गाडी ताशी ७३ किलोमीटरच्या पुढे जाणार नाही. आणि तीही इंजिन सतत शेवटच्या दमावर ठेवून! आवाज, थरथर, तापणे, तेल खाणे हे सारे त्यातून येते. मालक म्हणतो, 'इंजिन खराब निघाले.' इंजिन खराब नसते, पुली चुकलेली असते. अशा इंजिनाला ८ आणि ३९ दात्यांचे, म्हणजे ४.८८ चे क्राऊन-पिनियन लावले तर त्याच ३,००० फेऱ्यांवर गाडी ८१ पर्यंत जाते आणि साठाला आरामात चालते.

छोट्या इंजिनाची गोष्ट नेमकी उलट आहे. ॲम्बॅसिडरचे १४८९ सी.सी.चे डिझेल इंजिन ४,००० फेऱ्यांच्या आसपास जेमतेम चाळीसच्या आतबाहेर अश्वशक्ती देते. कसाऱ्यासारख्या घाटात १,६०० किलो वजनाची भरलेली जीप पंधरास एक अशा चढणीवर ताशी ४० ने चढवायची, तर नुसत्या चढणीसाठी सुमारे १६ अश्वशक्ती लागते. चाकांची रेटारेटी, वारा आणि गिअरमधली घट धरली तर हा आकडा पंचवीसच्या घरात जातो. टॉप गिअरमध्ये चाळीसच्या वेगाला इंजिन फक्त १,६३० फेऱ्यांवर असते. तिथे हे छोटे इंजिन तेवढी ताकद देऊच शकत नाही. दुसऱ्या गिअरमध्ये, ज्याचे प्रमाण १.५५ आहे, ते अडीच हजार फेऱ्यांवर येते आणि मग कसेबसे चढते. म्हणून छोट्या इंजिनाला ५.३८ चे जुने दातेच बरे. त्याला ४.८८ लावणे म्हणजे अशक्त बैलाला जड गाडी जोडणे होय.

थोडक्यात नियम असा. संथ आणि जोरदार इंजिनाला क्राऊन-पिनियनचे प्रमाण कमी करावे. छोट्या आणि चपळ इंजिनाला ते आहे तसे ठेवावे आणि वेगाची हाव सोडावी.

यात एक सावधगिरी फार महत्त्वाची. जीपची चारही चाके ओढतात, तेव्हा पुढच्या आणि मागच्या ॲक्सलचे प्रमाण एकच असावे लागते. खर्च वाचवण्यासाठी फक्त मागचे दाते बदलले, तर दोन चाकांवर गाडी नीट चालते आणि कोणाला काही कळत नाही. चिखलात फोर-व्हील टाकले की पुढची चाके एका चालीने आणि मागची दुसऱ्या चालीने फिरू पाहतात. मग ट्रान्सफर केसवर आणि जॉइंटवर ताण येऊन काही तरी तुटते. दाते बदलले की मीटरची केबलही चुकीचा वेग दाखवू लागते, तेही दुरुस्त करून घ्यावे.

न दिसणारी कामे

इंजिन चेसिसवर बसले आणि सुरू झाले म्हणजे काम झाले, असे समजणारा गिऱ्हाईक पुढे वर्षभर गॅरेजच्या फेऱ्या मारतो. पेट्रोलच्या जागी डिझेल आले की गाडीतल्या अनेक गोष्टी बदलतात. त्यांची यादी आधीच मिस्त्रीकडून लिहून घ्यावी.

पहिले म्हणजे बेल हाऊसिंग. इंजिन एका घराण्याचे आणि गिअरबॉक्स दुसऱ्या घराण्याचा असला की मध्ये जोडपट्टी करावी लागते. ती पट्टी लेथवर बनते. इंजिनाच्या क्रँकचा आणि गिअरबॉक्सच्या शाफ्टचा मध्य तंतोतंत एका रेषेत यावा लागतो. इथे सुताचा सोडा, इंचाच्या हजारांश भागांचा फरकसुद्धा जाचतो. रेषा चुकली की क्लच थरथरतो, पायलट बेअरिंग ओरडते, गिअर टॉपमधून सुटतो. चांगला उस्ताद डायल गेज लावून हे तपासतो. नुसत्या नजरेने 'बसले, बसले' म्हणणाऱ्याकडे हे काम देऊ नये.

दुसरे, वजन आणि हादरे. पेट्रोल इंजिनात मिश्रण सुमारे सातपट दाबले जाते. या जातीच्या डिझेल इंजिनात हवा वीसपटीहून जास्त दाबली जाते. तो दाब सोसण्यासाठी ब्लॉक आणि क्रँक जाड असतात, म्हणून वजन वाढते. पुढच्या कमानींचे पाटे दबले की इंजिनाचा सम्प खड्ड्यात पुढच्या ॲक्सलला धडकतो. स्टिअरिंग जड होते. जुन्या रबरी माउंटिंगवर नवे इंजिन ठेवले तर चेसिसला तडे जाण्याची भीती असते.

तिसरे, ब्रेक. ही गोष्ट सर्वांत जास्त विसरली जाते आणि सर्वांत जास्त घातक आहे. पेट्रोल इंजिनात हवेच्या वाटेवर झडप असते, त्यामुळे आत आपोआप व्हॅक्यूम तयार होतो. ब्रेकचा बूस्टर, काही जुन्या गाड्यांत वायपरसुद्धा, याच व्हॅक्यूमवर चालतात. अशा डिझेल इंजिनात ती झडप नसते, म्हणून व्हॅक्यूम मिळत नाही. बूस्टर असलेल्या गाडीला वेगळा व्हॅक्यूम पंप बसवावाच लागतो. तो अनेकदा अल्टरनेटरच्या पाठीवर असतो. तो न बसवता गाडी बाहेर काढली तर पाय दाबूनही गाडी वेळेत थांबणार नाही. ज्या जुन्या जीपला बूस्टर नाहीच, तिचे नऊ इंची ड्रम आधीच बेताचे असतात. वाढलेल्या वजनाला ते पुरतील का, हा प्रश्न मिस्त्रीला स्पष्ट विचारावा.

चौथे, डिझेलची वाट. टाकी साफ हवी, पाणी वेगळे करणारा फिल्टर हवा. नोझलमधून उरलेले डिझेल टाकीत परत नेणारी दुसरी नळी हवी, जी पेट्रोलच्या गाडीला नसते. पंप आणि नोझल हे त्या कामाच्या जाणकाराकडून तपासून घ्यावेत. इंजिन बंद करण्याचीही रीत वेगळी. पेट्रोल इंजिन चावीने ठिणगी तोडली की बंद होते. डिझेल इंजिनात ठिणगी नसते, म्हणून डिझेल तोडणारी केबल किंवा सोलेनॉइड लावावा लागतो.

पाचवे, वीज आणि पाणी. जास्त दाबाचे इंजिन फिरवायला जोरदार स्टार्टर, मोठी बॅटरी आणि जाड वायर लागते. हीटर प्लग असलेल्या इंजिनाला त्याची वेगळी वायरिंग लागते. पंखा आणि रेडिएटर यांच्यातले अंतर बदलते, कधी रेडिएटर पुढे सरकवावा लागतो. इंजिनाची लांबी वेगळी असल्याने प्रोपेलर शाफ्ट कापून किंवा वाढवून पुन्हा बॅलन्स करावे लागतात.

ही सारी यादी पाहिली म्हणजे कळते, की एखादा मिस्त्री कमी पैसे सांगतो तेव्हा तो यातले काही तरी गाळत असतो. काय गाळतो, हे विचारून घेतल्याशिवाय भाव करू नये.

हिशेब

आता व्यापाऱ्याच्या भाषेत बोलू. खाली घेतलेले खर्चाचे आणि सरासरीचे आकडे उदाहरणादाखल आहेत, प्रत्येकाने आपले आकडे घालून पाहावेत.

समजा पेट्रोल जीप लिटरला ८ किलोमीटर जाते आणि डिझेल बसवल्यावर १२ जाईल. मुंबईत २०२४ च्या अखेरीस पेट्रोल १०३ रुपयांच्या थोडे वर आणि डिझेल ९० च्या आसपास होते. पेट्रोलवर किलोमीटरला १२ रुपये ९० पैसे पडले, डिझेलवर साडेसात. बचत किलोमीटरमागे ५ रुपये ४० पैसे. इंजिन, जोडपट्टी, क्लच, पंप-नोझल, रेडिएटर, दाते, मजुरी असा सारा खर्च दीड लाख धरला, तर तो फिटायला २७ हजार ८०० किलोमीटर धावावे लागेल.

जो रोज ४० किलोमीटर, वर्षात ३०० दिवस फिरतो, त्याचे वर्षाला १२ हजार किलोमीटर होतात. त्याचा पैसा सव्वादोन-अडीच वर्षांत फिटेल. जो फक्त सणावाराला किंवा शेतावर जायला जीप काढतो आणि वर्षाला दोन हजार किलोमीटर चालवतो, त्याला चौदा वर्षे लागतील. एवढ्यात इंजिन पुन्हा एकदा उघडावे लागेल. त्याशिवाय गॅरेजमध्ये गाडी उभी राहिली त्या दिवसांची बुडालेली कमाई हिशेबात धरली पाहिजे, ती कोणी धरत नाही.

बारकाईने पाहिले तर ही बचत भावातल्या फरकातून कमी आणि मिळणाऱ्या सरासरीतून जास्त येते. म्हणजे इंजिन नीट बसले, मेळ जमला आणि बारा खरोखर मिळाले तरच फायदा. पुली चुकली आणि सरासरी नऊवर आली, तर डिझेल किलोमीटरला १० रुपये पडते आणि बचत २ रुपये ९० पैशांवर घसरते. मेळाचा आणि हिशेबाचा असा थेट संबंध आहे.

कागद

इथवर वाचून ज्यांचा उत्साह वाढला असेल त्यांनी आता थांबून वाचावे.

मोटार वाहन कायदा १९८८ चा आहे. त्यातले कलम ५२ गाडीतल्या फेरबदलांबद्दल आहे. मूळ कलमानुसार आर.टी.ओ.ला कळवून, मंजुरी घेऊन बदल करता येत असे. म्हणून त्या काळात डिझेल बसवून आर.सी. बुकात रीतसर नोंद करून घेतलेल्या कितीतरी जीप आहेत. २००० साली या कलमात दुरुस्ती झाली. आता नियम असा, की आर.सी. बुकातला तपशील आणि कारखान्याने मुळात दिलेला तपशील यांत तफावत पडेल असा बदल मालकाने करू नये. जानेवारी २०१९ मध्ये केरळातून आलेल्या एका प्रकरणात सर्वोच्च न्यायालयाने हेच ठामपणे सांगितले. त्याच वर्षीच्या दुरुस्तीने कलम १८२-अ आले. त्यानुसार परवानगी नसलेला फेरबदल करणाऱ्या मालकाला सहा महिन्यांपर्यंत कैद, किंवा प्रत्येक फेरबदलामागे पाच हजार रुपये दंड, किंवा दोन्ही होऊ शकतात.

सूट दोन प्रकारची आहे. एक, मान्यताप्राप्त किट लावून गाडी सी.एन.जी., एल.पी.जी. किंवा बॅटरीसारख्या इंधनावर नेता येते, त्यासाठी ठरलेल्या अटी पाळाव्या लागतात. दुसरी, जुने इंजिन निकामी झाले तर त्याच बनावटीचे आणि त्याच प्रकारचे इंजिन बसवण्याची वाट आहे, पण तीही आर.टी.ओ.च्या दप्तरातून जाते. नव्या इंजिनाचा नंबर बुकात चढला पाहिजे. मालकाच्या मर्जीने पेट्रोल जीपमध्ये दुसऱ्या गाडीचे डिझेल इंजिन टाकणे यातल्या कशातही बसत नाही.

'रस्त्यावर कोण पाहतो?' असे म्हणणारे भेटतात. पाहण्याची वेळ ठरलेली असते. खासगी गाडीची नोंदणी पंधरा वर्षांची आणि त्यानंतर दर पाच वर्षांनी नूतनीकरण. तेव्हा निरीक्षक इंजिन आणि चेसिसचा नंबर पाहतो. पी.यू.सी. काढताना पेट्रोलची तपासणी वेगळी आणि डिझेलच्या धुराची वेगळी असते. बुकात पेट्रोल आणि गाडीत डिझेल असले की तिथेच अडते. आणि अल्लाह न करो, अपघात झाला तर विमा कंपनीला दावा अडवायला आयते कारण मिळते. समोरच्याची भरपाई मालकाच्या डोक्यावर आली तर एका जीपच्या बचतीपायी दुकान गहाण पडू शकते.

आणखी एक गोष्ट. २०२१ साली केंद्र सरकारने पन्नास वर्षांहून जुन्या गाड्यांसाठी 'व्हिंटेज' नोंदणीचे नियम केले. त्यासाठी गाडी मूळ रूपात हवी, चेसिस, बॉडी आणि इंजिन यांत मोठा फेरबदल झालेला नको. म्हणजे जे हरिकेन इंजिन काल भंगारात किलोवर जात होते, तेच आज जुन्या जीपची किंमत टिकवून आहे. ज्यांच्याकडे ते अजून आहे त्यांनी ते मोडीत घालू नये.

डिझेल बसवलेली जीप घेताना

कापड घेताना आपण थान उलगडून पाहतो, वरच्या घडीवर विश्वास ठेवत नाही. इथेही तसेच करावे.

पहिल्यांदा आर.सी. बुक हातात घ्यावे. इंधनाच्या जागी डिझेल लिहिले आहे का, इंजिनाचा नंबर ब्लॉकवरच्या नंबराशी अक्षर न् अक्षर जुळतो का, हे स्वतः पाहावे. नंबर घासलेला किंवा पुन्हा ठोकलेला दिसला तर सौदा तिथेच सोडावा, मग भाव कितीही कमी असो. चोरीचे इंजिन निघाले तर पोलिसांना उत्तर शेवटच्या मालकाला द्यावे लागते. इंजिन खरेदीचे बिल मागावे, त्यावर नंबर असावा.

मग इंजिन थंड असताना सुरू करायला लावावे. मालकाने आधीच गरम करून ठेवले असेल तर दुसऱ्या दिवशी सकाळी जावे. गरम झाल्यावरही पांढरा धूर राहिला तर दाब कमी आहे किंवा पाणी आत जाते आहे असा संशय धरावा. निळा धूर म्हणजे ऑईल जळते. जोर लावल्यावर दाट काळा धूर म्हणजे डिझेल जास्त आणि हवा कमी. ऑईलचे झाकण उघडून जोरात वाफ फेकली जात असेल तर रिंगा गेल्या आहेत. डिपस्टिकवर दुधाळ ऑईल दिसले तर पाणी मिसळले आहे.

त्यानंतर गाडी चालवावी. टॉपमध्ये साठाला इंजिनाचा सूर कसा आहे ते ऐकावे. मोकळ्या मैदानात, मऊ मातीवर फोर-व्हील टाकून सरळ चालवावी. गाडी ओढाताण करू लागली तर पुढचे-मागचे दाते वेगळे असू शकतात. शेवटी, आणि हे विसरू नये, हळू वेगात ब्रेक चार-पाच वेळा लागोपाठ दाबून पाहावेत. पहिल्यांदा मऊ आणि पुढे दगडासारखे कडक झाले तर व्हॅक्यूम पंप नाही किंवा तो चालत नाही.

मिस्त्री बंधूंसाठी

ज्या हातांनी नकाशा आणि पुस्तक नसताना परक्या इंजिनाला जीपशी जोडले, त्या हातांचे कसब लहान नव्हते. ते कसब वाया जायला नको. बुकात डिझेल नोंद असलेल्या जुन्या जीपची दुरुस्ती, मूळ पेट्रोल इंजिन पुन्हा उभे करणे, क्राऊन-पिनियन आणि ब्रेकची नीट जोडणी, ही कामे कायद्यात बसतात आणि जाणकार गिऱ्हाईक त्याला चांगला दाम देतो. सी.एन.जी. आणि बॅटरीच्या मान्यताप्राप्त किटचे काम शिकून त्याची रीतसर परवानगी घेणे, ही नव्या पिढीसाठी पुढची वाट आहे.

गिऱ्हाईक पेट्रोल जीप घेऊन आले आणि 'डिझेल टाकून द्या' म्हणाले, तर त्याला आधी कलम ५२ सांगावे. एक काम हातचे जाईल हे खरे. पण सहा महिन्यांनी तेच गिऱ्हाईक अडकलेली गाडी घेऊन दारात उभे राहिले, तर त्या गॅरेजकडे पुढची चार गिऱ्हाइके येणार नाहीत. धंद्यात नाव कमवायला वीस वर्षे लागतात. खरे सांगणाऱ्या मिस्त्रीकडे लोक दुरून गाडी आणतात, हा आपल्या बाजारांचा जुना तजुर्बा आहे.